विहिरीच्या वाटेवरचं शेवाळ

आमच्या वाडीत शेवाळ मी आणलं असं कुणी म्हटलं तर ते खोटं आहे. शेवाळ आधीपासून होतंच. त्याला कुणी हात लावायचा नाही, एवढा कायदा मी केला. बाहेर कुठेही कुणी असा कायदा केला की मी पहिला प्रश्न विचारते, ह्या वाटेवरून रोज चालतं कोण? घरात तो प्रश्न मी विचारला नाही.

चालायची आई.

श्रीवर्धनपासून थोडं आत आमचं घर. मागच्या पडवीच्या पायऱ्या उतरलं की पोफळींची वाडी आणि तीसेक पावलांवर विहीर, तिच्याभोवती कठडा आणि सिमेंटची लादी. मधली जागा वर्षभर सावलीत. एका बाजूला घर ऊन अडवतं, दुसऱ्या बाजूला जांभ्या दगडांचा गडगा, वर पोफळी. तिथे गवत कधी उगवलंच नाही. उगवायचं ते शेवाळ. निसरडी हिरवी साय धरते, ते वेगळं. हे जाड, उभं, बोट दाबलं तर आत जाणारं आणि सोडलं तर परत वर येणारं. लहानपणी मी त्यावर गाल टेकून झोपायचे आणि आईचा धपाटा खायचे.

पंप होता, नळ होता, सगळं होतं. पण देवाचं पाणी विहिरीचंच, हा आईचा नियम. सकाळी आंघोळ झाली की ती पितळी कळशी घेऊन निघायची, अनवाणी. देवाच्या पाण्याला चप्पल घालून जायचं नाही. पाऊस असो, थंडी असो, ताप असो. ह्या नियमावर मी कॉलेजात असताना बरंच भांडले होते. आई कळशी उचलायची नि निघायची.

बाबा होते तेव्हा त्या वाटेची व्यवस्था त्यांच्याकडे होती. मृगाच्या आधी ते आणि वाडीत काम करणारे काका एखादी पडलेली पोफळ उभी चिरायचे. तिच्या फाळ्या वाटेवर आडव्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या टाकायचे. पावसाळाभर दर रविवारी बाबा फावडं घेऊन तेवढी दोन हात रुंदीची पट्टी खरवडायचे. फाळ्या दोन पावसाळ्यांत कुजतात. कुजायच्या आत बदलायच्या. हे काम ते देवळातल्या दिव्यासारखं करायचे, न बोलता, न चुकता. मला त्या खर्र खर्र आवाजाचा संताप यायचा. मी पडवीत उभी राहून त्यांना सुनवायचे, "बाबा, जिवंत आहे ते!" बाबा म्हणायचे, "मीपण आहे."

मग वादळ आलं. अर्धी वाडी एका दुपारी आडवी झाली. ते सगळ्यांनी पाहिलंय, मी वर्णन करत बसत नाही. घराच्या मागची पट्टी तेवढी घराच्या आडोशाने वाचली. बाबांनी पडलेल्या पोफळींतून चांगल्या निवडून त्या वर्षी सगळी वाट नव्याने घातली. त्यांनी घातलेली ती शेवटची. पुढच्या थंडीत ते गेले.

दादा पनवेलला असतो, नोकरी, फ्लॅट, लिफ्ट. बाबांच्या तेराव्यानंतर त्याने सरळ विषय काढला.

"आई, तू चल माझ्याकडे."

"मी कशाला येऊ? वाडी कोण बघणार?"

"काका बघतील. आई, ही जागा निसरडी आहे. एकदा पडलीस की विषय संपला. मग मी कुणाचं ऐकणार नाही, उचलून नेणार."

"पडले तर ने," आई म्हणाली. "न पडता नेऊ नको."

असा तो करार ठरला. पडायचं नाही, तर इथे राहायचं. पडली, की पनवेल. आईला पनवेलला जायचं नव्हतं. तिथे चार दिवस राहून आली की ती आठवडाभर पायऱ्यांवर बसून वाडीकडे बघत असायची, कुणी काही चोरून नेलंय का ते मोजल्यासारखं.

दादाचं दुसरं म्हणणं होतं पेव्हर ब्लॉक. पडवीपासून विहिरीपर्यंत सगळीकडे ब्लॉक टाकायचे, म्हणजे पायही घसरणार नाही आणि पुढेमागे पर्यटकांच्या गाड्याही लावता येतील. त्यावर मी काय बोलले असेन ते सांगायला नको. मी मुरुडला एका छोट्या गटात काम करते. कांदळवन, वाळू, ओढ्यात पडणारा राडारोडा, असे आमचे विषय. पत्रकं मी लिहिते. पेव्हर ब्लॉकवर तर माझं अख्खं पत्रक होतं. आमच्या किनाऱ्यावर रिसॉर्ट उभं राहिलं की आधी सावली तोडतात, मग जमीन झाकतात, मग पाणी मुरत नाही म्हणून टँकर मागवतात! जी चार झाडं उरतात त्यांना गळ्यापर्यंत सिमेंटचा कॉलर घालतात आणि पानगळ झाली की झाडालाच शिव्या देतात. भिंतीवर हिरवं दिसलं की ब्लीचिंग पावडर. गडग्यावर दिसलं की तणनाशक. हिरव्याचा एवढा राग असलेली माणसं कोकणात कशाला येतात? हे मी दादाला पडवीत उभं राहून, पत्रकात लिहिते तसंच ऐकवलं.

"भाषण झालं का?" दादा म्हणाला. "आता सांग, ती पडली तर धावत कोण येणार? तू तर खाडीपलीकडे."

"ती पडणार नाही. शेवाळ घसरत नाही. घसरते ती साय, सिमेंटवरची."

हे वाक्य अर्धं खरं होतं. कोरड्या, जाड शेवाळावर, घट्ट मातीवर पाय खरंच बसतो. त्या अर्ध्या खऱ्यावर मी पुढची तीन वर्षं काढली.

दर शनिवारी मी आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरायचे आणि मिळेल त्या एसटीने घरी. ठरवलं होतं की घरामागची सगळी सावली शेवाळाने झाकायची. बाहेरून काही आणायचं नाही, आपल्याच वाडीतलं, आपल्याच गडग्यावरचं. आणि सुरुवात केली ती गाढवपणाने. मोबाइलवर पाहिलं होतं की शेवाळ ताकात घुसळून दगडांवर फासलं की झपाट्याने येतं. मी आईचं गंजभर ताक घेतलं, मिक्सर घेतला, आणि पडवीच्या पायऱ्यांपासून गडग्यापर्यंत फासत सुटले.

आईने मिक्सरचं भांडं हुंगलं. "ताक माणसांना पुरत न्हाय आणि तू दगडांना पाज. जिरं तरी घातलंस का?"

दोन दिवसांत त्यावर पांढरी बुरशी आली. मुंग्यांची रांग लागली. शेजारची मांजर येऊन पायऱ्या चाटून गेली. दमट हवेत ताक आंबतं, शेवाळ येत नाही, हे आमच्याकडच्या कुठल्याही बाईने सांगितलं असतं. मी विचारलं नाही. शेजारची काकी कुंपणावरून आईला म्हणाली, "पोरीचं लगीन करा वो, ताक नासवायला लागली."

मग मी बघायला लागले. शेवाळ कुठे आपण होऊन येतं आणि कुठे येत नाही. हिराच्या खराट्याने झाडलं की उखडतं, म्हणून वाळक्या पानांचा पातेरा हाताने वेचायचा. मोकळ्या भुसभुशीत मातीवर धरत नाही, म्हणून माती आधी चोपणीने बडवून घ्यायची. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मचूळ होतं, ते घातलं की कडा करपतात, म्हणून उन्हाळ्यात त्याला काही घालायचंच नाही. सुकू द्यायचं. तळहाताएवढा तुकडा गडग्यावरून उचलायचा, चोपलेल्या मातीवर ठेवायचा, पायाने दाबायचा, नि पावसावर सोडून द्यायचं. एवढंच. पण ते एवढंच वर्षानुवर्षं करायचं असतं.

आई आधी नुसती बघायची. मग पातेरा वेचायला लागली. ते कधी झालं मला कळलं नाही. एका शनिवारी आले तर तिने गडग्याच्या कडेला चार तुकडे लावून ठेवलेले, लावणीतल्या भाताच्या आवणासारखे ओळीत.

"अशी ओळ नाही लावायची गं."

"मला अशीच येते," ती म्हणाली.

शिमग्यानंतर शेवाळ सुकून तपकिरी पडलं तेव्हा तिला वाटलं होतं, मेलं. मी तिला दाखवलं. तांब्याभर पाणी ओतलं आणि दोघी थांबलो. थोड्या वेळात पानं उघडायला लागली, तपकिरीतून हिरवं वर आलं. आईने पदर तोंडाला लावला. त्यानंतर आल्यागेल्याला ती हा खेळ करून दाखवायची. पोस्टमनला, विमेवाल्याला, काकीला. तांब्या घेऊन वाकायची आणि म्हणायची, "बघा हं आता. मेलेलं न्हाय हां. निजलंय." बाबा गेल्यानंतर तिला कशाचं कौतुक सांगताना मी पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा.

म्हणून सांगते, शेवाळ आईचंही होतं. पण कायदा माझा होता.

कारण मी वाटेवरचं खरवडणं बंद केलं होतं. बाबांनंतर काका ते करायचे. पहिल्याच पावसात मी त्यांच्या हातातून फावडं काढून घेतलं. काकांनी वाद घातला नाही. पण तिसऱ्या वर्षी, मृगाच्या आधी, ते पडवीच्या खाली येऊन उभे राहिले.

"बाय, फाळ्या बदलूया का? तुज्या बाबांनी घातल्या त्याच हायत अजून. गेल्या साली पन बदलल्या न्हायत."

मी फाळ्यांकडे बघितलं. म्हणजे फाळ्या दिसतच नव्हत्या. कुजलेल्या लाकडावर शेवाळ जसं धरतं तसं कशावरच धरत नाही. सगळ्या वाडीत सगळ्यात जाड, सगळ्यात गडद शेवाळ त्या वाटेवर होतं. पडवीपासून विहिरीपर्यंत हिरव्या उशा मांडल्यासारख्या. तीन वर्षांची कमाई! ती उपटून नव्या उघड्या फाळ्या टाकायच्या?

"आता नाही काका. आता तर ते बसलंय."

"आतून लाकूड ग्येलंय बाय. पाय टाकला की मऊ लागतं."

"मऊ लागणारच. शेवाळ आहे ते."

काका आईकडे बघून म्हणाले, "वैनी, तुमी सांगा."

आई तांदूळ निवडत होती. "मलाही वाटतं गो, बदलूया," ती म्हणाली. "सकाळी जरा हलतं पायाखाली."

आणि मी काय केलं? मी आईला समजावलं. मला समजावता येतं, तेच माझं काम आहे. मी म्हटलं, आई, एकदा हे उपटलं की परत यायला तीन वर्षं. ह्याखालची माती एका पावसात वाहून जाईल. लोकांना आपण काय सांगतोय आणि घरात काय करतोय? आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं. तुला कळतं त्यातलं."

त्याच आठवड्यात मी नवीन पत्रक छापलं. 'शेवाळ म्हणजे घाण नव्हे.' सावलीतल्या जागेत गवत, ब्लॉक, रसायनं ह्यांच्याऐवजी आपलं इथलं शेवाळ कसं वाढू द्यावं, सगळं मुद्देसूद. वर फोटो. विहिरीची वाट आणि त्या हिरव्यावर उभे आईचे दोन अनवाणी पाय, जोडवी घालायचं बंद केलेले, टाचांना भेगा पडलेले. खाली मी लिहिलं होतं, 'ह्या पावलांना विचारा.' श्रीवर्धनच्या बाजारात मी ते स्वतः वाटलं. एक सुपारीवाला शेठ फोटो बघून म्हणाला, "पाय कुणाचे?" मी अभिमानाने सांगितलं, आईचे.

ती पडली त्या दिवशी खाडीत वारं होतं आणि फेरीबोट बंद होती. काकांचा फोन आला तेव्हा मी आगरदांड्याच्या धक्क्यावर उभी राहून पलीकडचं दिघी बघत होते. बघतच राहिले. रस्त्याने फिरून जायचं तर अर्धा दिवस, आणि त्या पावसात एसटीचा भरवसा नाही. दादाने तोवर पनवेलहून गाडी काढली होती. सरकारी दवाखान्यात एक्स-रे, खुब्याचं हाड मोडलेलं, आणि तिथून रुग्णवाहिकेने माणगावमार्गे पनवेल. मी घरी पोचले ती दुसऱ्या दिवशी. घरी कुणी नव्हतं. देवघरात ती पडायच्या आदल्या दिवशीची फुलं तशीच.

फोनवर दादाने सांगितलं होतं, "विहिरीजवळच्या लादीवर पडली. सिमेंटवर." आणि खरं सांगते, मला आधी काय वाटलं? मला वाटलं, बघा, सिमेंटच! मी म्हणतच होते! आई ऑपरेशनच्या टेबलावर आणि मी मनातल्या मनात वाद जिंकत होते.

मग मी मागच्या पायऱ्या उतरले.

वाटेवर, विहिरीच्या आठ-दहा हात अलीकडे, शेवाळ सोललं गेलं होतं. टाचेच्या रुंदीचा एक लांब ओरखडा, केळीचं साल ओढावं तसा, आणि त्याच्या टोकाला खाली फाळी मधोमध मोडलेली. मी बोट घातलं. आत लाकूड नव्हतं, ओला भुसा होता. तिथून पुढे विहिरीपर्यंत शेवाळ सपाट दाबलेलं, दोन्ही बाजूंना उखडलेलं, मध्ये मध्ये पंजे रोवल्याच्या खुणा. कळशी गडग्याच्या कडेला जाऊन पडलेली. ती लादीवर पडलीच नव्हती. ती वाटेवर पडली आणि मोडलेल्या हाडाने सरपटत लादीपर्यंत गेली.

काकांना मी विचारलं. ते म्हणाले, "मी आलो तवा वैनी लादीवर बसल्यावानी व्हत्या. कठड्याला धरून. म्हनाल्या, शिमिटावर पाय सरला." एवढं बोलून ते वाटेकडे बघत राहिले. त्यांनाही ओरखडा दिसत होता. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

उठायला कठडा हवा म्हणून ती तिथवर गेली, की शिमिटावर सापडावं म्हणून गेली? तिथे उकिडवी बसून मी हेच परत परत स्वतःला विचारत होते. आणि मग मी एक गोष्ट केली जी मला लिहायला जड जाते. उखडलेले तुकडे गोळा केले, ओरखड्यावर ठेवले आणि पायाने दाबले. जसं लावतात तसं. दादा यायच्या आधी.

पनवेलच्या दवाखान्यात आई कॉटवर लहान दिसत होती. मी आत गेले तर पहिलं वाक्य, "दही बघितलंस का? कपाटात विरजण लावलेलं, आंबलं असेल." मग दादा औषधं आणायला गेला तसा तिने माझा हात धरला. "शिमिटावर पडले मी," ती म्हणाली. मी विचारलं नव्हतं. "कळलं ना? शिमिटावर."

"हो," मी म्हटलं.

दादाने त्याच महिन्यात माणसं लावून विहिरीभोवतीची लादी फोडली आणि खरबरीत फरशी बसवली. इतकी वर्षं निमूट पडलेली ती लादी गुन्हेगार ठरली. मी पडवीत उभी राहून घणाचे घाव ऐकत होते. बाहेर कुणी असं निर्दोषाला पकडून ठोकलं असतं तर मी मोर्चा काढला असता.

मुरुडला खोलीवर त्या पत्रकाचा गठ्ठा होता, अर्धाअधिक उरलेला. एका रविवारी मी बॉलपेन घेऊन बसले आणि प्रत्येक पत्रकावर शेवटच्या ओळीखाली लिहिलं, 'चालायची वाट मात्र खरवडून ठेवा.' शंभरावर भरली असतील, बोटं दुखायला लागली. गटातल्या एकीने विचारलं, "हे नंतर सुचलं का?" मी म्हटलं, हो, नंतर सुचलं. आईच्या पायांचा फोटो होता तो तसाच राहिला. तो पेनाने कसा दुरुस्त करणार?

दादाला मी सांगितलं ते गणपतीत. पनवेलच्याच घरी गणपती बसवला होता. आई आत पडून, वॉकर पलंगाला टेकवलेला. दादा गॅलरीत कपडे वाळत घालत होता. मी पत्रक वाचते तसं एका दमात सांगून टाकलं. फाळ्या कुजल्या होत्या, काकांनी सांगितलं होतं, आईने सांगितलं होतं, मी बदलू दिल्या नाहीत, ती वाटेवर पडली.

दादाने चिमटा लावला. दुसरा लावला.

"माहितीये," तो म्हणाला.

"काय?"

"रुग्णवाहिकेत तिचे पाय माझ्या मांडीवर होते. टाचेला हिरवं होतं. भेगांत गेलेलं, निघत नव्हतं. मी पाण्याच्या बाटलीने धुतलं." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "ती म्हणाली, बायला सांगू नको. म्हणून नाही सांगितलं. तूही सांगू नको तिला, की सांगितलंस."

"मग लादी कशाला फोडलीस?"

"काहीतरी फोडायचं होतं मला," तो म्हणाला. आणि मग, "तुला फोडता येत नव्हतं."

त्या घरात आता तिघांना ठाऊक आहे आणि तिघं एकमेकांशी ती लादीवरच पडली असं बोलतात.

डॉक्टर म्हणाले होते, सपाट, एकसंध जमीन पाहिजे, वॉकर आता कायमचा. दादा म्हणाला, ब्लॉक टाकू या, मग आठवडाभर तरी तिला वाडीवर नेता येईल. आणि मी, जिने ब्लॉकवर पत्रक लिहिलं, मी म्हटलं, टाक. खरंच म्हटलं. आईला विचारलं तर ती उशीवरून मान न उचलता म्हणाली, "शिमिट घालणार असाल तर मी कशाला येऊ? शिमिट हितं काय कमी हाय?" ती सहसा अशी हाय-न्हाय करत नाही पनवेलला. दादाच्या शेजाऱ्यांसमोर सांभाळून बोलते. त्या दिवशी सांभाळलं नाही.

म्हणून वाट आम्ही बाबांच्यासारखी केली, काका आणि मी. वाळून उभी राहिलेली एक पोफळ काकांनी पाडली, उभी चिरली. मी दोन हात रुंदीची पट्टी खरवडली. फावड्याखाली शेवाळाचा आवाज येतो, ओलं कापड फाडल्यासारखा, तो मी लहानपणापासून दुरून ऐकत होते. जवळून तो फार लहान आहे. पट्टीच्या दोन्ही बाजूंना बाकीचं तसंच ठेवलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, बाबाही तसंच ठेवायचे. तीस वर्षं खरवडून त्यांनी पट्टीबाहेरच्या एका तुकड्याला हात लावला नव्हता. मी गाल टेकून झोपायचे ते शेवाळ त्यांनीच राखलेलं होतं.

फाळ्या घालून झाल्यावर मी शेजारच्या आजोबांचा वॉकर मागून आणला आणि चालून पाहिला. तिसऱ्याच फाळीला पुढचा पाय फटीत गेला. फाळ्या जवळ जवळ सरकवल्या, तरी पोफळीचं लाकूड गोल, वॉकर डुगडुगतो. काका म्हणाले, "ही वाट पायाची हाय, बाय. चाकाकाठ्यांची न्हाय."

शिमग्याला दादा आईला घेऊन आला. सकाळी येऊन संध्याकाळी परत. पालखी दारात येऊन गेली, आईने खुर्चीत बसूनच ओटी भरली. मग तिला मागच्या पडवीत न्यायला सांगितलं. दादाने खुर्ची पायऱ्यांच्या तोंडाशी ठेवली. ती वाटेकडे बराच वेळ बघत होती. बाजूचं शेवाळ सगळं तपकिरी पडलेलं.

"फाळ्या कुणी घातल्या?"

"मी आणि काकांनी."

"तिरक्या झाल्यात," ती म्हणाली. मग म्हणाली, "देवाचं पाणी आण."

मी कळशी घेऊन गेले. आले तेव्हा तिने माझ्या पायांकडे बघितलं. "चप्पल काढली होतीस ना?"

"हो."

तिने कळशीतलं तांब्याभर पाणी काढून घेतलं. मला वाटलं प्यायला. पण ती खुर्चीतून वाकली, दादा धरायला पुढे झाला, आणि तिने ते पायरीच्या कडेच्या शेवाळावर ओतलं. देवाच्या आधी. आयुष्यात पहिल्यांदा. मग रिकामा तांब्या मांडीवर धरून वाट बघत बसली. दादाने दोनदा घड्याळाकडे बघितलं. हळूहळू पानं उघडली. तळहाताएवढी जागा हिरवी झाली.

"निजलं होतं," ती कुणाकडेच न बघता म्हणाली. मग दादाला म्हणाली, "चल."

गाडी गेली तेव्हा उन्हं कलली होती. उरलेली कळशी मी देवाजवळ ठेवली. मागे येऊन बसले तोवर पायरीकडचं ते हिरवं परत कडेने तपकिरी व्हायला लागलं होतं. ह्या फाळ्या दोन पावसाळे टिकतील, त्याच्यापुढे नाही. काकांना सांगून ठेवलंय, मृगाआधी दुसरी पोफळ बघा. ते म्हणाले, "कुनासाठी?" मी म्हटलं, बघून तर ठेवा.